कपाटामागे सापडलेली पेटी: जुनी छापचित्रं, फोटो आणि लॅमिनेशनचं संकट

पांझराकाठ | शनिवार, रात्री ९.५२

नमस्कार मंडळी. धुळ्यातल्या एका जुन्या वाचनालयात मी दर शनिवारी जाते. नाव मुद्दाम देत नाही, कार्यकारिणीतले दोघं इथले वाचक आहेत (काका, वाचत असाल तर राग मानू नका). वाचनालयाला लागून एक खोली आहे, तिला सगळे दप्तरखाना म्हणतात. बाडं, जुनी मासिकं, जमाखर्चाच्या वह्या, आणि वाडे पाडताना लोकांनी 'तुमच्याकडे ठेवा' म्हणून आणून टाकलेलं बरंच काही.

परवाच्या पावसात त्या खोलीचा एक कोपरा गळला. कपाट सरकवलं तर मागे पत्र्याची पेटी. कुठल्याच नोंदवहीत तिचा पत्ता नाही. उघडली तर सगळ्यात वर खारव्यात बांधलेला देवादिकांच्या चित्रांचा गठ्ठा: श्रीरामपंचायतन, दत्त, एक अर्धी फाटलेली लक्ष्मी. लक्ष्मीच्या पायाशी बारीक इंग्रजी अक्षरांत 'रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा'. त्याखाली जाड पुठ्ठ्याच्या पानांचा अल्बम, फोटो तपकिरी, कडा पिवळ्या, माणसं फेटेवाली. मग एक पाकीट, वर पेन्सिलीनं 'फैजपूर', आत सुटे बारके काळे-पांढरे फोटो. आणि तळाशी फ्रेममधलं एक मोठं चित्र, कुठल्याशा लेण्याचं. दारात एक माणूस उभा, तो आहे म्हणून लेणं किती उंच ते कळतं. खाली एक अक्षर नाही.

कार्यकारिणीचं मत पडलं की सगळं लॅमिनेट करून सनबोर्डावर चिकटवायचं आणि दसऱ्याला हॉलमध्ये लावायचं. मी कसेबसे पंधरा दिवस मागून घेतलेत. मी ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केलेली बाई, चित्रांतलं मला कळत नाही. काय करू आणि मुख्य म्हणजे काय करू नको, सांगा.

अनेरकाठ | शनिवार, रात्री १०.१५

माय वं! आमना घरमा बी आशीच पेटी व्हती. मना काकानी भंगारवालाले दी टाकी. आते आठवन उनी का जीव जळस. ताई, तुम्हीन काहीच फेकू नका.

खळ_आणि_कागद | शनिवार, रात्री ११.०८

लॅमिनेशन नको.

कार्यकारिणीत कोणी तरी नक्की म्हणेल की दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही लॅमिनेशन करायचे. करायचे, खरं आहे. कागदावर ॲसिटेटची पातळ फॉइल आणि टिश्यू ठेवून ॲसिटोननं हातानं चिकटवत, आणि वेळ पडली तर ॲसिटोननंच ते सोडवता यायचं. झेरॉक्सवाल्याच्या मशीनमधनं निघतं ते वेगळं. तिथे प्लॅस्टिकवरचा गोंद उष्णतेनं वितळून कागदाच्या तंतूंत उतरतो आणि परत निघत नाही. फोटोचं तर त्याहून वाईट, कारण फोटोत प्रतिमा कागदात नसतेच. ती कागदावरच्या जिलेटिनच्या किंवा अंड्याच्या पांढऱ्याच्या थरात असते, आणि गरम रोलर पहिल्यांदा टेकतो तो त्या थरालाच.

आजच्या आज करायचं एवढंच. पेटी त्या ओल्या खोलीतून हलवा, पण पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. धुळ्याचा मे महिना मला माहीत आहे, भिंत रात्री दहालाही हाताला चटका देते. पेटीतल्या वस्तू वरून खाली ज्या क्रमानं आहेत त्या क्रमाचा मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक थर उचलण्याआधी एक. पुसायचं काही नाही, सोलायचं काही नाही. सेलोटेप घरात असेल तर शेजाऱ्याला देऊन टाका.

आणि फ्रेम उघडू नका. त्यावर उद्या लिहितो, त्या विषयावर माझी स्वतःची शरम आहे.

ठिपका | रविवार, सकाळी ८.३०

जळगावला ऑफसेट चालवतो, तिसरी पिढी. आजोबांनी दगडावरची छपाई डोळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

दहा पटीचं भिंग घ्या. आमच्याकडे प्लेट तपासायला असतं तेच, कुठल्याही प्रेसवाल्याकडे मिळेल. लक्ष्मीच्या गालावर धरा. ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत दिसले, चार रंगांची फुलं फुलं दिसली, तर ते नंतरचं ऑफसेटचं पुनर्मुद्रण. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, म्हणजे माणसानं हातानं टिंबं टिंबं काढलेली, तर ते दगडावरचं. शिळाछाप. गुळगुळीत चुनखडीचा दगड, तोही जर्मनीतल्या बव्हेरियाचा चांगला. त्यावर तेलकट शाईनं उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागेवर बसतं, शाई फक्त तेलकट जागी धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. गालाच्या गुलाबीला एक, सावलीच्या तपकिरीला दुसरा, साडीला तिसरा. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसला पाहिजे, केसभर सरकला तर देवीला दोन ओठ. असे दोन ओठवाले देव आमच्या घरी होते, आजी म्हणायची त्यांचीच पूजा करा, ते बिचारे कुठे जातील.

रवि वर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत गिरगावात सुरू झाला, १८९९ च्या सुमाराला मळवलीला गेला, कार्ला लेण्यांच्या जवळ. म्हणून पत्ता 'कार्ला-लोणावळा'. तुमची लक्ष्मी त्यानंतरची. मुंबईचा पत्ता असता तर अजून जुनी. पंचायतनाखाली 'चित्रशाळा, पुणे' आहे का बघा. चित्रशाळा १८७८ ची, म्हणजे रवि वर्म्यांच्या छापखान्याच्या सोळा वर्षं आधीची. लोक सगळ्या जुन्या देवांना रवि वर्मा म्हणतात, तेव्हा आमचं पित्त खवळतं.

पांझराकाठ | रविवार, दुपारी १.२०

ठिपका दादा, चित्रशाळाच! खालच्या कडेला आहे, मी शोभेची वेलबुट्टी समजत होते. भिंग शेजारच्या घड्याळवाल्याकडून आणलं. लक्ष्मीच्या गालावर खरंच टिंबं आहेत, आणि नाकपुडीपाशी इतकी बारीक की डोळ्यात पाणी आलं. कोणी तरी बसून एकेक टिंब टेकवलंय हो.

साडीच्या काठाला मात्र टिकल्या लावलेल्या आहेत. खऱ्या. काठावर जरही चिकटवलीय. ती काढायची का?

ठिपका | रविवार, दुपारी १.२६

हात लावाल तर बघा. 😀 घरोघरी बायका देवाच्या छापचित्राला जर-टिकल्या लावत, काचेत मढवायच्या आधी. तुमच्या चित्राला मालकीण होती याचा तो पुरावा आहे. छापखान्यात अशा हजारो निघाल्या, ही एकच टिकल्यांची.

भुसावळ_जंक्शन | रविवार, सायंकाळी ५.४५

लेण्याच्या चित्राबद्दल. अजिंठा असेल तर त्याचा धागा आमच्या भुसावळात येऊन संपतो, म्हणून चार ओळी जास्त लिहितो, सांभाळून घ्या. रेल्वेतून निवृत्त झालो, वेळच वेळ आहे.

मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. कंपनी सरकारनं त्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. गडी इथेच राहिला. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसात मांडल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. म्हातारा परत कामाला लागला. १८७९ मध्ये वारला, भुसावळच्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. मी पाहिली आहे. पारू आणि गिलची प्रेमकहाणी सगळ्यांना पाठ, कबर कुठे आहे विचारा, रिक्षावालासुद्धा डोकं खाजवतो.

नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५. त्यांच्याही नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ ला साउथ केन्सिंग्टनला पुन्हा आग! त्यातल्याही कितीतरी गेल्या. पण ग्रिफिथ्सनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड छापून घेतले होते, त्यात रंगीत शिळाछापाची पानं आहेत. म्हणजे बघा, भिंतीवरचा रंग पडत गेला, कॅनव्हास दोनदा जळला, आणि छापलेला कागद राहिला. कार्यकारिणीला हे सांगा. 'नुसता छापील कागद तर आहे' असं कोणी म्हणालं की सांगा.

गिल फोटोही काढायचा. १८६४ ला त्याच्या फोटोंची पुस्तकं निघाली, अजिंठा-वेरूळची, जेम्स फर्ग्युसननं मजकूर लिहिला. त्यात फोटो छापलेले नाहीत, खरे फोटो चिकटवलेले आहेत. तुमच्या अल्बमातले तपकिरी फोटो बघून मला तेच आठवलं.

वैतागलेला_अभ्यासक | रविवार, रात्री ९.०२

सगळं छान, पण एक कडू बोलू? जतन जतन म्हणता, दाखवणार कोणाला? पीएच.डी.साठी खानदेशातल्या एका संस्थेत सहा खेपा मारल्या. पहिल्यांदा किल्लीवाले काका गावाला, दुसऱ्यांदा अर्ज हवा, तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का हवा. सहाव्यांदा फोटो दाखवले ते लांबून, काचेतून. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरून दप्तरं उतरवली, धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला देह ठेवला, आणि लगेच १९२७ ला त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. ते कागद लोकांनी वाचावेत म्हणून उभं राहिलं, कुलपासाठी नव्हे. माझं म्हणणं, स्कॅन करा, टाका नेटवर, संपला विषय. मूळ कागद नंतर वाळवीनं खाल्ला तरी चालेल.

खळ_आणि_कागद | रविवार, रात्री ९.४०

वैताग समजतो. शेवटचं वाक्य मात्र मागे घ्या.

स्कॅनमध्ये टिकली दिसेल, ती खरी आहे की छापलेली ते कळणार नाही. कागद चिंध्यांचा की लाकडाच्या लगद्याचा ते कळणार नाही. मागे काय आहे तेही नाही, कारण मागची बाजू स्कॅन करायला कोणाला सुचत नाही. मी पाहिलेल्या दहातल्या नऊ स्कॅन संग्रहांत फक्त तोंडं आहेत. स्टुडिओचा छाप, 'चि. सौ. कां.' म्हणून लिहिलेली ओळ, फ्रेमवाल्यानं भर म्हणून घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा, सगळं मागे असतं. चित्र काय आहे ते पुढून कळतं, ते इथे कसं आलं ते मागूनच.

आता माझी शरम. वीसेक वर्षांपूर्वी, शिकत होतो तेव्हा, नंदुरबारकडच्या एका घरातला पणजोबांचा फोटो माझ्याकडे आला. फ्रेममध्ये फोटो थेट काचेला टेकलेला, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट नाही. दोन पावसाळ्यांच्या ओलीनं जिलेटिन फुगून काचेला चिकटलेलं. मला वाटलं, हळूच सोडवू. एका कोपऱ्यातून बोथट पाती घातली, सुरर्र आवाज आला, कागद माझ्या हातात आणि पणजोबांचा अर्धा चेहरा काचेवर. मिशा काचेवर, डोळे कागदावर. त्या घरातल्या आजी काहीच बोलल्या नाहीत, काच पदरात गुंडाळून घेऊन गेल्या.

चिकटलेला फोटो असेल तर काचेसकट ठेवायचा आणि काचेतूनच त्याचा फोटो घ्यायचा. फ्रेम उघडायचीच झाली तर मागून, खिळे पक्कडीनं एकेक सरळ करून, आणि मागचा पुठ्ठा, कागद, लेबल, सगळं वेगळ्या पाकिटात नंबर घालून ठेवायचं.

वैतागलेला_अभ्यासक | रविवार, रात्री ९.५५

मागे घेतलं. मिशा काचेवर वाचून पोटात खड्डा पडला.

केळीवाला | सोमवार, पहाटे ५.१०

केळीचा ट्रक भरून झाला, आता वाचलं. फैजपूर म्हटल्यावर राहवेना. आमचं शेत तिथून दोन कोसांवर. डिसेंबर १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलंच. नेहरू अध्यक्ष. नगराला टिळकनगर नाव दिलेलं. गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना शांतिनिकेतनातून बोलावलं आणि सांगितलं की सजावट इथल्याच मालाची पाहिजे, म्हणून कमानी-बिमानी बांबूच्या. आजा सांगायचा, कमान एवढी देखणी की बैल बुजले नाहीत, माणसंच थबकली.

ताई, फोटोत बांबूची कमान दिसते का? मागे काय लिहिलंय?

पांझराकाठ | सोमवार, रात्री ९.३०

आज रजा टाकून बसले होते. (नवरा म्हणतो, आता तिथेच अंथरूण घाल.)

पाकिटात अकरा फोटो. पाच नुसती गर्दी, पाठमोरी. दोनांत कमान आहे दादा, बांबू स्पष्ट, मधोमध जोडाला दोरी गुंडाळलेली दिसते. एकात बायकांची रांग, डोक्यावर घागरी. कोणी पुढारी एकाही फोटोत नाही. कार्यकारिणीतले एक जण लगेच म्हणाले, मग याला काय किंमत? मला तर उलट वाटलं. पुढाऱ्यांचे फोटो काढणारे पुष्कळ होते. घागरींचा फोटो काढावासा कोणाला वाटला असेल?

मागे जांभळ्या पेन्सिलीनं आकडे: ३, ७, ८, १२... सगळ्यात मोठा आकडा २४. म्हणजे तेरा फोटो गेले कुठे तरी. काळ्या भागावर तिरक्या उजेडात चांदीसारखी झाक दिसते, आरशासारखी. बुरशी आहे का ही?

खळ_आणि_कागद | सोमवार, रात्री १०.०५

बुरशी नाही, चांदीच आहे. फोटोतला काळा रंग म्हणजे बारीक चांदीचे कण. हवेतल्या घाण वायूंनी, लाकडातून किंवा पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लानं, ओलीनं ते कण थोडे विरघळतात, वर सरकतात आणि पृष्ठभागावर पुन्हा चांदी होऊन बसतात. जिलेटिनच्या जुन्या फोटोंत हे हटकून सापडतं. पुसू नका. कोणी खोडरबर सुचवेल, कोणी पेट्रोल. दोघांनाही चहा पाजून परत पाठवा.

अल्बममधले तपकिरी फोटो भिंगाखाली धरा. कागदाचे तंतू दिसले तर अल्ब्युमेन, अंड्याच्या पांढऱ्यावरचा. पातळ कागदावर मीठ घातलेलं पांढरं लावायचं, वाळलं की सिल्व्हर नायट्रेट, मग निगेटिव्ह वर ठेवून सरळ उन्हात. प्रतिमा उन्हातच उमटायची. कागद इतका पातळ की गुंडाळी व्हायची, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवत. तंतू दिसले नाहीत, साईसारखा गुळगुळीत थर दिसला, तर जिलेटिन, म्हणजे बहुधा नंतरचा काळ. अल्ब्युमेनचा पांढरा भाग आधी पिवळा पडतो, म्हणून तुमच्या कडा पिवळ्या.

साहित्य फार लागत नाही. फोटोला पीव्हीसीची पाकिटं चालत नाहीत, त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा आम्लधर्मी वायू सुटतो. बाजारातल्या स्वस्त अल्बमांत तीच असतात. पॉलिएस्टर चालेल किंवा चांगला सुती कागद. हातकागद दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात अजून होतो, चिंध्यांचा, पण विकत घेण्याआधी पीएच पेनानं (कागदातलं आम्ल दाखवणारं पेन) तपासा, हातचा आहे म्हणजे आम्लमुक्त असतोच असं नाही. बांधायला कच्च्या सुताची नाडी, रबरबँड नाही. फाटलेल्या लक्ष्मीला मागून जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, ती पाण्यानं सुटते. पण खळीत मोरचूद नको! बाइंडर लोक किड्यासाठी घालतात, आमच्या गुरुजींनीही वर्षानुवर्षं घातला. तांब्यानं कागद आतून करपतो. आणि फोटोला खळसुद्धा तुम्ही लावू नका, ते काम शिकलेल्या माणसाचं.

लिहायचं मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं, काचेवर ठेवून, दाब न देता. बॉलपेन नाही. फक्त दाखल क्रमांक. आणि त्या जांभळ्या आकड्यांना ओल लागू देऊ नका, ती कॉपिंग पेन्सिल असेल तर पाणी लागताच शाईसारखी पसरेल.

चाळीसगावकर | मंगळवार, दुपारी ३.१५

फोटोंचा विषय निघाला आणि चाळीसगाव निघालं नाही? स्टेशनजवळच्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. १९१२ ते १९८९. टेबलावर मांडणी करून काढलेले त्यांचे फोटो बघा, हिमशिखर म्हणून बघावं तर घरातल्याच वस्तू मांडलेल्या. प्रिंटही स्वतः अंधाऱ्या खोलीत करायचे. पण कोणालाही घेऊन जा, पहिला प्रश्न पंजाब मेलचा आणि त्या प्रेयसीचा. अरे बाबा, भिंतीवर बघ ना. सावलीत किती राखाडी आहेत ते मोज.

पांझराकाठ ताई, एकदा जाऊन या. जुने प्रिंट उन्हापासून कसे लांब ठेवलेत, कुठे कमी पडतं, दोन्ही शिकायला मिळेल.

पांझराकाठ | बुधवार, रात्री ८.४८

मंडळी, बसा. लेण्याचं चित्र.

फ्रेम उघडली. मी नाही, ठिपका दादा जळगावहून आले होते, सोबत आजोबांच्या वेळचं भिंग. काचेला चिकटलेलं नव्हतं, जुन्या फ्रेमवाल्यानं कडेनं पुठ्ठ्याची पट्टी घातली होती, देव त्याचं भलं करो. पण त्याच भल्या माणसानं चित्र फ्रेमात बसावं म्हणून चारी बाजूंनी समास कापून टाकलेला. म्हणून खाली अक्षर नाही.

भिंगाखाली: काळ्या रेघा खडूसारख्या दाणेदार, त्यांच्याखाली सगळीकडे सपाट बदामी रंग, आणि लेण्याच्या कमानीवर, खांबांच्या कडेवर, त्या उभ्या माणसाच्या खांद्यावर पांढरं. दादांनी मला ते पांढरं नीट बघायला लावलं. पांढरा रंग लावलेलाच नाही, तिथे कोरा कागद आहे. दोन दगड. एकावर काळं चित्र, दुसऱ्यावर बदामी सावली, आणि ऊन पडतं तेवढी जागा दुसऱ्या दगडावर खरवडून काढलेली. म्हणजे ऊन म्हणजे न छापलेला कागद. मी दहा मिनिटं तिथेच.

मग मागचा पुठ्ठा. खळ-कागद काकांचं ऐकून काही फेकलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या सांध्यावर फ्रेमवाल्यानं धूळ जाऊ नये म्हणून कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. तीन साध्या. चौथी जाड, बदामी. उलटी चिकटवलेली, पण कोपरा सुटलेला होता, त्याखाली इंग्रजी अक्षरं: '...डिन' आणि पुढे 'लिथ'. एवढंच. कापलेला समासच चिकटपट्टी म्हणून वापरला होता बाबानं!

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री ८.५९

डिबडिन!! टी. सी. डिबडिन! आणि 'लिथ' म्हणजे लिथोग्राफ, शिळाछाप. फर्ग्युसनची रेखाटनं दगडावर उतरवणारा. लेण्यांवरचा मोठा चित्रसंग्रह, लंडन, १८४५. दुरंगी शिळाछापच आहे तो. म्हणजे गिलच्या फोटोंच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचं. ताई, कुठलं लेणं? दारावर घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी आहे का?

पांझराकाठ | बुधवार, रात्री ९.०४

आहे. आणि दोन्ही बाजूंना उभ्या मूर्ती.

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री ९.०७

मग चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. अजिंठ्याचं १९ नंबर वाटतं, पण २६ नंबरलाही तशी खिडकी आहे, शपथ घेणार नाही. सगळ्या पानांशी ताडून बघायला हवं. डिबडिननं दुसऱ्यांचीही कामं केली असतील, तेव्हा नोंदवहीत 'बहुधा' लिहा.

खळ_आणि_कागद | बुधवार, रात्री ९.३०

'बहुधा' लिहा आणि कशावरून ते पण लिहा: दोन दगड, पट्टीवरची अक्षरं, समास कापलेला. पन्नास वर्षांनी दुसरं कोणी येईल, त्याला तुमचं अनुमान खोडता आलं पाहिजे. ती पट्टी सोडवू नका. पुठ्ठ्यासकट ठेवा, चित्राच्याच क्रमांकाला 'अ' जोडून.

स्कॅनरवर हे मावणार नाही. उत्तरेच्या खिडकीपाशी, ऊन थेट नको, चित्र आडवं ठेवा, कॅमेरा तिकाटण्यावर चित्राला समांतर, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी. बारके फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआय, टिफ. पुढून एक, मागून एक. फाइलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक, 'न्यू फायनल २' नाही. नेटवर टाकायला लहान जेपेग वेगळ्या करा, अभ्यासक साहेबांचीही सहा खेपांतून सुटका होईल.

वैतागलेला_अभ्यासक | बुधवार, रात्री ९.३३

स्कॅनिंगला मी येतो. फुकट. अर्ज-शिक्का लागणार नसेल तर.

पांझराकाठ | शुक्रवार, रात्री १०.२०

कार्यकारिणीची सभा झाली. तहकूब होता होता झाली.

भुसावळच्या काकांचं दोन आगींचं सांगितलं. परिणाम शून्य. 'लंडनला आग लागली त्याचं इथे काय?' मग पट्टी दाखवली, भिंगातून एकेकाला बघायला लावली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत बघितलं, म्हणाले, ही अक्षरं लॅमिनेशनमध्ये पुठ्ठ्याबरोबर गेली असती का? मी हो म्हटलं. तेवढ्यावर काम झालं.

दसऱ्याला मूळ चित्रं लावायची नाहीत, चांगल्या कागदावर प्रती छापून लावायच्या, ठिपका दादा खर्चात करून देतायत. मुळांसाठी एक लोखंडी कपाट मंजूर, पूर्वेच्या भिंतीला. हातकागदाचे पैसे नामंजूर, 'वर्गणी काढा' म्हणाले. छताचं 'पुढच्या सभेत'. लक्ष्मीसाठी माणूस शोधायचाय. आणि त्या तेरा गायब फोटोंसाठी मी फैजपूर-सावदा-यावलकडच्या सगळ्या नातेवाइकांना फोन लावणार आहे. मागे जांभळा आकडा असलेला बारका फोटो कोणाच्या घरी दिसला तर कळवा. फोटो नको, माझ्याकडे देऊ नका, फक्त मागची बाजू दाखवा.

केळीवाला | शनिवार, पहाटे ४.५०

कागदाची वर्गणी माझ्याकडून धरा. चुलत चुलत्याच्या घरी देव्हाऱ्यामागे एक पाकीट आहे, लहानपणी हात लावला म्हणून मार खाल्लेला. रविवारी जातो. दुपारी फोटो पाठवतो, पुढचा आणि मागचा.

वैतागलेला_अभ्यासक | शनिवार, सकाळी १०.१२

स्कॅनर घेऊन मंगळवारी निघतो. उघडं किती वाजता?

पांझराकाठ | शनिवार, सकाळी १०.१५

अकराला. किल्ली माझ्याकडे आहे, गावाला गेलेली नाहीये. भरिताची वांगी अजून आली नाहीत, शेवभाजीवर भागवा.